कंपन्यांचे पैसे, 'सर' आणि 'मॅडम': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मागच्या महिन्यात राजारामपुरीत आमच्या लेडी डॉक्टरांच्या एका छोट्या मीटिंगमध्ये मी 'औषध-मशीनच्या कंपन्या पुरुष डॉक्टरांना जास्त आणि बायका डॉक्टरांना कमी पैसे देतात' या विषयावर वीस मिनिटं बोललो, आणि तेव्हापासून फोनवर, व्हॉट्सॲपवर, लग्नात जेवणाच्या पंगतीत, सगळीकडं तेच तेच प्रश्न यायला लागलेत, म्हणून एकदाच काय ते लिहून टाकतो. मी एमडी मेडिसिन, शुगर-बीपीचे पेशंट जास्त. नवरा हाडांचा डॉक्टर. बिल्डिंग एकच, तो खाली, मी वरच्या मजल्यावर. आणि हो, आम्ही कोल्हापूरच्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतो, पुण्याच्या मैत्रिणी वीस वर्षं झाली तरी हसतायत, तर खाली तसंच आलंय, टायपिंगची चूक समजू नका.

प्र. इंडस्ट्री पेमेंट म्हणजे नक्की काय? लाच का?

सगळंच लाच नाही आणि सगळंच स्वच्छ पण नाही. औषधाच्या, स्टेंटच्या, इम्प्लांटच्या, मशीनच्या कंपन्या डॉक्टरला ज्या ज्या वाटेनं पैसे किंवा पैशासारखं काही देतात ते सगळं यात आलं. जेवण, पेन, डायरी, विमानाचं तिकीट, हॉटेलची खोली, कॉन्फरन्सची फी, भाषणाचं मानधन, सल्लागार म्हणून फी, औषधाच्या ट्रायलसाठी निधी, आणि एखाद्या डॉक्टरनं प्लेट किंवा स्क्रू डिझाइन करून दिला तर विक्रीवर मिळणारी रॉयल्टी. आता बघा, एका रात्रीचं जेवण आणि वर्षानुवर्षं चालू राहणारी रॉयल्टी या दोन्हीला एकच नाव, अर्धा गोंधळ तिथनंच सुरू होतो.

प्र. बायकांना कमी मिळतं हे कशावरनं म्हणता? का आपलं असंच?

असंच नाही. अमेरिकेत २०१० च्या आरोग्य कायद्यात एक कलम आलं, तिकडं त्याला सनशाइन ॲक्ट म्हणतात, ग्रास्ली आणि कोल नावाच्या दोन सिनेटरांनी ते लावून धरलं होतं. त्यात असं आहे की कंपनीनं कुठल्या डॉक्टरला किती दिलं, कशासाठी दिलं, ते सरकारला कळवायचं आणि सरकारनं वेबसाइटवर नावासकट टाकायचं. 'ओपन पेमेंट्स' म्हणतात त्याला. ३० सप्टेंबर २०१४ ला पहिल्यांदा डेटा उघडा झाला, त्यात २०१३ चे शेवटचे पाच महिने होते. सुरुवातीला दहा डॉलरच्या वरचं काहीही नोंदवायचं असा नियम होता, म्हणजे दोन सँडविच आणि कॉफी दिली तरी नाव लागलं. इथनं कुणीही, अगदी भवानी मंडपात उभं राहून मोबाइलवर, तिथल्या कुठल्याही डॉक्टरचं नाव टाकून बघू शकतो, मी बघितलंय.

तो डेटा हातात आल्यावर संशोधकांनी डॉक्टरांच्या नावापुढं बाई की पुरुष ते लावलं आणि बेरजा मारल्या. २०१५ सालचा हिशोब २०१७ ला 'जामा' या अमेरिकेतल्या डॉक्टरी नियतकालिकात छापून आला. सव्वानऊ लाखांच्या वर डॉक्टर, त्यातल्या जवळपास साडेचार लाखांना म्हणजे ४८ टक्क्यांना काही ना काही मिळालेलं, एकूण २.४ अब्ज डॉलर. ज्यांना मिळालं त्यात बायका तीस टक्क्यांच्या आतच. बरं, बायका डॉक्टरच कमी आहेत म्हणावं तर त्यांनी शाखेप्रमाणं वेगळं करून पण बघितलं. प्रायमरी केअरमध्ये, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरसारखं काम करणाऱ्यांत, पुरुषांपैकी साधारण ५१ टक्क्यांना आणि बायकांपैकी ४३ टक्क्यांना मिळालेलं. स्टेंट वगैरे घालणाऱ्या मंडळींत ५८ आणि ४१.

पण खरा झटका पुढं आहे. २०२२ च्या सुमाराला 'जामा सर्जरी'त एक पेपर आला, त्यांनी मोठ्या पंधरा मेडिकल कंपन्या घेतल्या आणि २०१३ ते २०१९ मध्ये त्यांच्याकडनं सगळ्यात जास्त पैसे मिळालेले डॉक्टर बाई-पुरुष असे वेगळे बघितले. बायकांची सरासरी साधारण एक्केचाळीस हजार डॉलर. पुरुषांची बारा लाखांच्या वर. हे मीटिंगमध्ये सांगितल्यावर मागनं एक सीनियर मॅडम म्हणाल्या, 'अगं, एक शून्य जास्त वाचलीस काय?' नाही हो मॅडम. दोनदा तपासलंय.

प्र. ऑर्थो, कार्डिओत बायका कमीच असतात. मग फरक येणारच की?

येणारच, आणि त्यात तथ्य आहे, उगीच नाही म्हणायचं नाही. २०१३ ते २०२२ या दहा वर्षांत तिकडं कंपन्यांनी डॉक्टरांना बारा अब्ज डॉलरच्या वर दिले, त्यात सगळ्यात मोठा वाटा हाडांच्या डॉक्टरांचा, १.३६ अब्ज. आणि अमेरिकेत हाडांच्या सर्जनमध्ये बायका शंभरात सहा-सात. आपल्याकडं तर मला कोल्हापूर, सांगली, सातारा मिळून मोजायला एका हाताची बोटं पुरतात. म्हणजे पैसा ज्या शाखेत धो धो वाहतोय त्या शाखेच्या दारातच बाई नाही.

पण वर सांगितलेल्या पेपरमध्ये शाखा, कॉलेजमधलं पद, किती पेपर लिहिले आणि ते किती जणांनी वापरले, सगळं धरून परत गणित मांडलं, तरी फरक दहा लाख डॉलरच्या आसपास राहिलाच. डोळ्यांच्या डॉक्टरांत २०१६ ला वेगळं बघितलं होतं, तिथं हातोडा-ड्रिलचा प्रश्न नाही, बायका हाडांच्या शाखेपेक्षा जास्त, तरी कंपन्यांच्या यादीत त्यांचं प्रमाण कमीच. त्यामुळं 'शाखेचा फरक' हे अर्धं उत्तर. उरलेल्या अर्ध्यासाठी तुम्हाला अमेरिकेला जायला नको, आमच्या जिन्यात उभं राहिलात तरी चालेल.

प्र. जिन्यात म्हणजे?

आमच्याकडं जिना चढून वर आलेला एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, पहिलं वाक्य काय बोलतो माहितीय? 'मॅडम, सर कधी मोकळे होतील?' अरे बाबा, तुझी बॅग शुगरच्या गोळ्यांची, त्या गोळ्या दिवसाला चाळीस पेशंटना मी लिहितो, सर प्लास्टर घालतात. पण नाही. इन्व्हिटेशन कार्डावर 'डॉ. अमुक सर ॲन्ड फॅमिली'. त्या फॅमिलीतला एमडी मीच.

पोरांचा दोष नाही, त्यांची यादी वरनं ठरते. कंपनीत प्रत्येक एमआरची डॉक्टर लिस्ट असते, त्यात कोअर म्हणजे महत्त्वाचे डॉक्टर कोण, महिन्याला किती व्हिजिट, कुणावर किती इनपुट म्हणजे खर्च, ते एरिया मॅनेजर बसून बघतो. मेडिकल दुकानात जाऊन कुणाचं प्रिस्क्रिप्शन किती फिरतंय ते काढतात, त्याला आरसीपीए म्हणतात. आता आमच्या बिल्डिंगच्या खालच्या मेडिकलमध्ये सगळी बिलं नवऱ्याच्या नावानंच फाटायची, कारण हॉस्पिटलच त्याच्या नावाचं आणि कॉम्प्युटरमध्ये डॉक्टरचं नाव एकदाच भरलेलं. कित्येक वर्षं माझी मेटफॉर्मिन, म्हणजे शुगरची गोळी, त्याच्या खात्यावर. हे मला कळलं ते एका एमआरनं बोलता बोलता 'सर शुगरचं पण लई लिहितात की' म्हटल्यावर. त्या दिवशी खाली जाऊन मेडिकलवाल्या दादांना सॉफ्टवेअरमध्ये दुसरं नाव घालायला लावलं, पाच मिनिटांचं काम.

प्र. बायकाच घेत नसतील, जास्त प्रामाणिक असतील?

हा प्रश्न कौतुकानं विचारतात, त्यामुळं राग पण येत नाही. काही जणी खरंच नाही म्हणतात, काही पुरुष पण म्हणतात. पण नाही म्हणायला आधी कुणीतरी विचारायला लागतं ना. ज्याला ताटच वाढलं नाही त्याचा उपास कसला मोजता?

प्र. बायका तेवढ्या वजनदार डॉक्टर नसतात, म्हणून बोलावत नसतील, असं एका सरांनी म्हटलं.

सरांना सांगा, अमेरिकेत पासष्टच्या वरच्या, हॉस्पिटलात भरती झालेल्या पेशंटचा हिशोब झालाय, २०११ ते २०१४ चा. बाई डॉक्टरकडं असलेल्यांत तीस दिवसांतले मृत्यू ११.०७ टक्के, पुरुष डॉक्टरकडं ११.४९. फरक थोडा आहे, पण पेशंट लाखांनी आहेत. यावरनं बायका भारी आणि पुरुष ढ असं मी म्हणत नाही, घरी जायचंय मला. वजन कमी म्हणून बोलावत नाहीत एवढंच तेवढं म्हणू नका.

प्र. रात्रीच्या मीटिंगा हा काय मुद्दा आहे?

मोठा मुद्दा आहे. कोल्हापुरात ओपीडी संपते रात्री साडेआठला, म्हणून मीटिंग नऊला, हॉटेलच्या हॉलमध्ये. नऊची मीटिंग म्हणजे पावणेदहा. आधी दीपप्रज्वलन, मग कंपनीच्या साहेबांचं स्वागत, मग स्पीकर, मग 'कॉकटेल्स फॉलोड बाय डिनर'. कोपऱ्यातल्या एका टेबलावर आम्ही पाच-सहा जणी. एकीच्या पेशंटला कळा सुरू, एकीच्या मुलाची दुसऱ्या दिवशी परीक्षा, एकीला सासूबाईंचं इन्सुलिन द्यायचंय, सूप आलं की एकेक उठते. खरी मीटिंग साडेअकरानंतर होते, पांढऱ्या रश्श्याची वाटी हातात घेऊन, बाहेर पार्किंगमध्ये. 'सर, पुढच्या महिन्यात साताऱ्याला एक टॉक घ्याल का?' हा प्रश्न तिथं विचारला जातो. मी तेव्हा घरी भांड्यावर झाकण ठेवत असतो.

आणि या मीटिंगा टाळून पण चालत नाही, महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलचं रजिस्ट्रेशन रिन्यू करायला पाच वर्षांत तीस क्रेडिट, म्हणजे अशा मीटिंगांना बसल्याचे गुण, लागतात. म्हणजे क्रेडिटपुरतं बसायचं आणि ओळखीच्या वेळेला उठायचं, असा प्रकार.

प्र. पण हे सगळं घेणं तर बेकायदेशीर ना आपल्याकडं?

बरंचसं. मेडिकल काउन्सिलच्या २००२ च्या नियमांत डिसेंबर २००९ मध्ये कलम घातलं, की डॉक्टरनं कंपनीकडनं गिफ्ट, प्रवास, हॉटेल, रोख काही घ्यायचं नाही. २०१६ ला शिक्षेचे टप्पे ठरवले, हजारावर ताकीद, मग तीन महिने, सहा महिने, वर्षभर नाव रजिस्टरमधनं बाहेर, रकमेप्रमाणं. ऑगस्ट २०२३ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशननं नवीन नियम आणले आणि तीन आठवड्यांत स्थगित पण केले, मग परत जुनेच लागू.

हे झालं डॉक्टरचं. कंपनीसाठी 'यूसीपीएमपी' नावाची आचारसंहिता आहे, २०१५ पासून ऐच्छिक होती, म्हणजे पाळली तर पाळली. मार्च २०२४ मध्ये नवीन आली. त्यात डॉक्टरला किंवा घरच्यांना गिफ्ट नाही, ब्रँडची आठवण म्हणून द्यायची वस्तू हजार रुपयांपर्यंतच, आणि प्रवास-हॉटेलचा खर्च करायचा नाही, फक्त तो डॉक्टर स्पीकर असेल तर चालेल.

हे शेवटचं वाक्य परत वाचा. 'स्पीकर असेल तर.' आधी दहा दारं होती, बारीक-सारीक, त्यातली नऊ बंद केली, चांगलंच केलं, मी टाळ्या वाजवल्या. पण उरलेलं मोठं दार एकच, स्पीकर आणि सल्लागाराचं, आणि त्या दारात कुणाला उभं करायचं ते ठरतं साडेअकराच्या पार्किंगमध्ये. नियम लिहिणाऱ्यांच्या मनात बाई-पुरुष असलं काही नसणार, पण व्हायचं ते होतंय.

प्र. तो सुप्रीम कोर्टाचा निकाल काय होता?

२२ फेब्रुवारी २०२२, अपेक्स लॅबोरेटरीजची केस. कंपनीचं म्हणणं होतं की डॉक्टरांना दिलेल्या वस्तूंचा खर्च हा धंद्याचा खर्च आहे, इन्कम टॅक्समधनं वजा करू द्या. न्यायमूर्ती लळीत आणि भट यांच्या खंडपीठानं नाही म्हटलं. निकालात वस्तूंची यादी वाचण्यासारखी आहे, सोन्याची नाणी, लॅपटॉप, फ्रिज, एलसीडी टीव्ही. एका व्हिटॅमिन-झिंकच्या गोळीसाठी. त्यानंतर १ जुलै २०२२ पासून इन्कम टॅक्समध्ये १९४आर हे कलम आलं, वर्षात वीस हजारांच्या वर वस्तू किंवा सवलत दिली तर कंपनीनं दहा टक्के टीडीएस कापायचा.

प्र. मग आपल्याकडं पण बघता येईल की कुणाला किती मिळालं?

स्वतःचं येतं, दुसऱ्याचं नाही. अमेरिकेसारखी नावासकट उघडी वेबसाइट आपल्याकडं नाही. पण तुमचा स्वतःचा २६एएस, म्हणजे इन्कम टॅक्सचा उतारा, काढा, टीडीएस कापलेलं सगळं दिसतं. मला हे सगळं तिथनंच सुचलं. दोन वर्षांपूर्वी जुलैत शाहूपुरीत सीएंच्या ऑफिसात आम्ही दोघं बसलेलो, बाहेर धो धो पाऊस, पंचगंगा इशारा पातळीकडं चाललीय म्हणून सगळ्यांचं लक्ष मोबाइलवर. सीएंनी दोघांचे कागद शेजारी शेजारी ठेवले. त्याच्या कागदावर १९४जे, म्हणजे फीवरच्या टीडीएसच्या कलमाखाली, विम्याचे क्लेम बघणाऱ्या संस्था (टीपीए) आणि त्याखाली तीन कंपन्यांची नावं, मानधनाची. माझ्या कागदावर टीपीए आणि एफडीचं व्याज. सीए म्हणाले, 'मॅडम, तुमचं सोपं असतंय बघा.' त्यांनी चांगल्या अर्थानं म्हटलं.

मी काय त्या वर्षी बोललो नव्हतो का? बोललो होतो, दोन ठिकाणी. एक टॉक आठ मार्चचा, 'महिलांमधील मधुमेह'. आठ मार्चला सगळ्या कंपन्यांना लेडी डॉक्टर आठवतात, सकाळी दहापासून गुलाब यायला लागतात, दुपारी रिसेप्शनच्या मावशी म्हणतात आता बादली आणू का. त्या टॉकला पस्तीस स्लाइड्स केल्या, दोन रविवार गेले. शेवटी शाल, मोमेंटो, आणि एका छोट्या कुंडीत मनी प्लांट. हसू नका. मनी प्लांटच होता. त्याच कंपनीच्या पुढच्या महिन्याच्या मीटिंगला आमचे हे गुडघ्यावर वीस मिनिटं बोलले आणि आठवड्यात खात्यावर पैसे, टीडीएस कापून, पत्रासकट. मनी प्लांट अजून आहे, ओपीडीच्या खिडकीत, बरा वाढलाय.

प्र. नवऱ्याला वाईट वाटत नाही का तुम्ही असं लिहिता ते?

वाचून दाखवलंय. 'पस्तीस नव्हे, बेचाळीस स्लाइड्स होत्या, मीच रात्री एकला पेनड्राइव्हवर घातल्या' एवढीच दुरुस्ती सुचवली.

प्र. म्हणजे तुम्हाला पण बँकॉकची ट्रिप पाहिजे, असंच ना?

हा सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न, बहुतेक वेळा डोळा मारून. तर सरळ सांगतो. जेवण, ट्रिप, वस्तू यात मला समान वाटा नको, तो वाटाच नको, कुणालाच. २०१६ चा एक अभ्यास आहे, अमेरिकेतल्याच डेटावर, जवळपास दोन लाख ऐंशी हजार डॉक्टर. एखाद्या औषधाच्या प्रचाराचं एकच जेवण घेतलेल्या डॉक्टरांत सुद्धा त्या कंपनीचा महागडा ब्रँड लिहायचं प्रमाण जास्त दिसलं, कोलेस्टेरॉलची गोळी, बीपीच्या दोन आणि डिप्रेशनची एक अशी चार औषधं बघितली होती. आणि जेवण किती रुपयांचं, तर वीस डॉलरच्या आतलं. जेवणामुळंच लिहिलं असं त्यातनं सिद्ध होत नाही, पण मला पुरेसं आहे. मी मिसळ स्वतःच्या पैशानं खातो.

पण भाषण, सल्ला, ट्रायल, डिझाइन हे काम आहे. कामाचे पैसे मिळायला पाहिजेत, आणि पैशापेक्षा सुद्धा त्यातनं पुढचं सगळं उघडतं. जो तीन ठिकाणी बोलला त्याचं नाव चौथ्या ठिकाणी पत्रिकेवर येतं, मग स्टेट कॉन्फरन्सला चेअरपर्सन, मग ट्रायलचा इन्व्हेस्टिगेटर, मग गाइडलाइनच्या कमिटीत. ट्रायलमध्ये किती बायका पेशंट घ्यायच्या, गरोदरपणातला डोस कधी तपासायचा, हे प्रश्न त्या खोलीत कोण बसलंय त्यावर असतात. त्यामुळं 'कंपनीचे पैसे' म्हणून सगळं एकाच पोत्यात भरू नका. भरलं की दोनच प्रकारची माणसं बोलायला लागतात, एक म्हणतात सगळे चोर, दुसरे म्हणतात आम्हाला पण द्या, आणि मला दोन्हीकडं बसायचं नाही.

प्र. पेशंटला याचा काय फरक पडतो? आम्हाला औषध स्वस्त पाहिजे बास.

बरोबर आहे. एक उदाहरण देतो. माझी एक मैत्रीण पोटाची सर्जन आहे, ग्लोव्ह साइज सहा. लॅप्रोस्कोपीचा, म्हणजे दुर्बिणीच्या ऑपरेशनचा, आतडं जोडायचा स्टेपलर तिला एका हातानं दाबताच येत नाही, मूठ पुरत नाही, दोन्ही हात लावायला लागतात, मग कॅमेरा असिस्टंटकडं बघत 'हलू नको रे' असं ओरडत चालतं. लहान हाताच्या सर्जनना ही हत्यारं जड जातात हे तिकडच्या सर्व्हेमध्ये पण आलंय. आता हत्यार करताना कंपनी सल्ला कुणाचा घेते? ज्याला सल्लागार म्हणून पैसे देते त्याचा. त्या टेबलावर सहा नंबरचा हात नव्हता. आतडं जोडताना तुमच्या पोटात हत्यार कुणाच्या मापाचं आहे, त्यानं फरक पडतो का, तुम्हीच सांगा.

प्र. कोल्हापुरात तर बायकांना पहिल्यापासून मान आहे, इथं कशाला हे?

मान आहे, खरंच आहे, आणि इतिहास पण आहे. आनंदीबाई जोशी अमेरिकेत एम.डी. झाल्या १८८६ मध्ये, तेव्हा त्यांना पहिली नोकरी देऊ केली ती आपल्या कोल्हापूर संस्थानानं, अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या बायकांच्या वॉर्डाची. तेच आपलं आजचं सीपीआर. त्या रुजू होऊ शकल्या नाहीत, फेब्रुवारी १८८७ मध्ये गेल्याच. मग कृष्णाबाई केळवकरांनी तिथं काम केलं, शाहू महाराजांनी त्यांना शिकायला परदेशी पाठवलं. म्हणजे दरबारानं एका बाईला नेमणूक दिली, दुसरीला शिक्षणाचा खर्च. गुलाबाचं फूल देऊन बोळवण केली नाही. सीपीआरच्या गेटवरनं जाताना मला दर वेळी हे आठवतं, मग मागनं केएमटी बसचा हॉर्न वाजतो.

प्र. एमआरमध्ये मुली आल्या तर फरक पडेल का?

आल्यात थोड्या. एक येते आमच्याकडं, गडहिंग्लजपर्यंत स्कूटरवर टेरिटरी करते. ती 'सर कधी मोकळे होतील' विचारत नाही. पण तिची लिस्ट पण वरनंच येते, तिच्या साहेबांकडनं.

प्र. मी नुकतीच एमडी झालेय, मला पहिल्यांदाच टॉकला बोलावलंय. काय करू?

पहिलं, हो म्हणायच्या आधी पत्र मागव. तारीख, विषय, मानधन किती, टीडीएस, सगळं ईमेलवर. 'मॅडम तेवढं बघून घेऊ आपण' म्हटले की समजायचं मनी प्लांट येणार. तोंडी आकडा सांगायला लाज वाटते, मला पण वाटायची, म्हणून मी एकदाच मेल लिहून ठेवलीय, तीच सगळ्यांना पाठवतो. आधीच्या स्पीकरला काय दिलं होतं ते बिनधास्त विचार, दुसऱ्या डॉक्टरला विचार, पुरुषांना विचारलं तर सांगतात ते, आपणच विचारत नाही.

दुसरं, स्लाइड्स तुझ्याच पाहिजेत. कंपनीनं तयार स्लाइड्सचा डेक दिला आणि हे फक्त वाचा म्हटलं तर ती जाहिरात झाली, तिला नाही म्हण, पैसे कितीही असोत. औषधाचं केमिकल नाव वापर, ब्रँडचं नाही. आणि पहिल्याच स्लाइडवर लिही की या भाषणाचं मानधन अमुक कंपनीकडनं घेतलंय. पहिल्यांदा केलं तेव्हा हॉलमध्ये एकदम शांतता, जणू काही अपशब्द बोललो. आता दोन-तीन सर पण तसं लिहायला लागलेत.

तिसरं, विषय. 'महिला आणि अमुक' एवढंच देत असतील तर एकदा घे, दुसऱ्यांदा म्हण, मला हार्ट फेल्युअर द्या. बाई म्हणजे बायकांचे आजार असा हिशोब असतो, गायनिकच्या मैत्रिणींना तर विचारूच नका.

आणि टॉक करताना खालच्या मेडिकलमध्ये जाऊन सॉफ्टवेअरमध्ये तुझं नाव आहे का बघून ये, ते आधी.

प्र. सर लोकांनी काय करायचं?

तुम्हाला बोलावणं आलं आणि वेळ नसेल, तर 'नाही जमणार' एवढ्यावर थांबू नका, एका बाई डॉक्टरचं नाव सुचवा, नंबर द्या. फुकट आहे. आमच्या घरात हे सुरू झालंय, मागच्या सहा महिन्यांत त्यानं दोन ठिकाणी दुसऱ्या एका तरुण हाडांच्या मॅडमचं नाव दिलं, एक टॉक झाला पण, कंबरदुखीवर, हॉल भरलेला.

प्र. पुढची मीटिंग कधी, आणि कुठली कंपनी स्पॉन्सर आहे?

दुसऱ्या रविवारी दुपारी दोनला, आमच्याच वरच्या मजल्यावर. स्पॉन्सर कोणी नाही, प्रत्येकी शंभर रुपये वर्गणी, त्यात चहा आणि जयसिंगपूरचं भडंग. विषय थायरॉइड, बोलणार आपल्यातलीच एक. पोरं आणली तरी चालतील, खालच्या प्लास्टर रूममध्ये नवरा सांभाळणार आहे. येताना २६एएसची प्रिंट आणा, दाखवायची सक्ती नाही.